श्रद्धा, आनंद आणि क्षमा : पडत्या काळातली शिदोरी

ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तीन शब्द वारंवार येतात : श्रद्धा, आनंद आणि क्षमा. दिवस बरे असले म्हणजे हे शब्द उच्चारायला काही पडत नाही. पगार वेळेवर, पोरे शाळेत, घरात दुखणे नाही, अशा वेळी आनंदी राहा म्हणून कोणी सांगावे लागत नाही आणि क्षमा करण्याइतके मोठे वैरही कोणाशी नसते. खरा प्रश्न पडत्या काळाचा आहे. गिरणीला टाळे लागले, घरातले कर्ते माणूस गेले, आपल्याच माणसाने दगा दिला, म्हणजे या तीन शब्दांचे काय होते? ते टिकतात का? टिकतात तर कशाच्या बळावर?

आम्ही धर्मशास्त्राचे पदवीधर नव्हे. ख्रिस्ती घरात जन्मलो आणि कामगारांच्या संघटनेत वाढलो. जे वाचले ते रात्री वाचले. तेव्हा या विषयाची मांडणी पंडिताची होणार नाही. पण गेली तीस वर्षे कामगार येऊन आम्हांला जे विचारतात, त्याचा आणि या विषयाचा संबंध निकटचा आहे. ते विचारतात, “दादा, ज्याने पोटावर पाय दिला त्याला क्षमा करायची, म्हणजे आपण गप्प बसायचे का?” या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आधी शब्दांचे अर्थ नीट लावून घेतले पाहिजेत.

प्रथम श्रद्धा. देवावर श्रद्धा ठेवली म्हणजे संकट येत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ख्रिस्ती धर्मात तरी तिला आधार नाही. ज्या धर्माचा गुरू वयाच्या तिशीत क्रुसावर खिळला गेला, तो धर्म अनुयायांना सुखाची हमी कोणत्या तोंडाने देणार? शुभवर्तमानात लिहिले आहे की मरणाच्या घटकेला येशूने देवालाच विचारले की तू मला का टाकलेस. हे शब्द जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्राचे आहेत. त्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे असून त्यांतला मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे. “किती काळ?” “का?” “तू झोपलास काय?” असे प्रश्न भक्त देवाला उघड विचारतो. आमचा विठोबाही भक्तांच्या शिव्या ऐकत आलेला आहे, हे मराठी श्रोत्यांना सांगायला नको. म्हणजे तक्रार करणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. आपले ऐकणारा कोणी आहे अशी खात्री असल्याशिवाय माणूस तक्रार करीतच नाही. ज्या कामगाराने आशा सोडली तो अर्जही लिहीत नाही.

दुसरा शब्द आनंद. पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र नव्या करारात आहे. अवघे चार अध्याय. त्यात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. आणि हे पत्र लिहिले कोठे? तुरुंगात, बेड्यांत असताना, पुढे मरण की सुटका हे ठाऊक नसताना. तेव्हा ख्रिस्ती लोक ज्याला आनंद म्हणतात तो परिस्थितीवर खूश असणे नव्हे. परिस्थितीने आपल्याला संपूर्ण गिळलेले नाही याची ती खूण आहे. रडू येऊ नये असा त्याचा अर्थ मुळीच नाही. लाजरस मेला तेव्हा येशू रडला, असे योहान लिहितो. डोळे कोरडे ठेवणारा आनंद खोटा असतो.

तिसरा शब्द क्षमा, आणि खरी अडचण याच शब्दाची आहे. प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे आणि तिच्या लगेच पुढच्या ओळीत क्षमा मागितली आहे. हा क्रम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. आधी भाकर, मग क्षमा. उपाशी माणसाला क्षमेचा उपदेश करू नये, हे ती प्रार्थना रचणाराला कळत होते. आणि भाकर मिळाली तरी क्षमेवाचून माणसे एका पंगतीला बसू शकत नाहीत, हेही कळत होते.

पेत्राने येशूला विचारले, “भावाला किती वेळा क्षमा करू? सात वेळा?” उत्तर मिळाले, “सातच्या सत्तरपट.” आणि लगेच एक दाखला सांगितला. एका चाकराचे राजाकडे दहा हजार तालांत कर्ज होते. राजाने ते सगळे सोडले. तो बाहेर पडला आणि आपल्या सोबतीच्या चाकराचा, जो त्याचे शंभर दिनार देणे लागत होता, गळा धरला. या आकड्यांचा हिशेब आम्ही कामगाराच्या पद्धतीने करून पाहिला. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच दर ठरलेला आहे. एका तालांताचे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे पहिल्याचे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके. वर्षाचे तीनशे दिवस राबले तरी फेडायला दोन लाख वर्षे लागावीत! आणि ज्यासाठी त्याने दुसऱ्याचा गळा धरला ती रक्कम शंभर दिवसांची मजुरी, म्हणजे चार महिन्यांचे काम. चार महिन्यांची मजुरी ही गरिबाला थोडी रक्कम नाही. आपल्यावर झालेला अन्याय क्षुल्लक आहे असे हा दाखला म्हणत नाही. तो खराच आहे. पण आपल्याला जे सोडून दिले गेले आहे ते त्याहून अफाट आहे, एवढेच तो सांगतो.

आता कोणी म्हणेल की मग बुडवलेली मजुरीही सोडून द्यायची का? नाही. त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र आहे. शेतात राबलेल्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असे तो श्रीमंतांना बजावतो. जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट लूक सांगतो. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयाने उठून कबूल केले की ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करीन. क्षमा मिळाली, पण हिशेब बुडाला नाही. तेव्हा क्षमा म्हणजे हक्क सोडणे नव्हे. सूड सोडणे ती क्षमा. हा फरक पुष्कळ धर्मोपदेशकही सांगायला विसरतात, आणि मग क्षमा हा शब्द मालकाच्या सोयीचा होतो.

अर्थ लावून झाले. आता हे शब्द आपल्या मातीत कसे जगले ते पाहू. लांब जायला नको, आपल्या कुर्ल्यापासून सुरुवात करू.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा प्रांत पोर्तुगीजांना दिला आणि साष्टी बेटावर ख्रिस्ती वस्त्या उभ्या राहिल्या. कुर्ल्याचे होली क्रॉस चर्च त्या अमदानीतले. १८४८ साली ते पुन्हा बांधले गेले. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली वसई पडली. राजसत्ता गेली तसे परदेशी पाद्री बहुतेक निघून गेले आणि कित्येक देवळे ओस पडली. ज्यांचा धर्म केवळ सत्तेच्या सावलीतला होता, त्यांचा तो त्या दिवशी संपायला हवा होता. पण येथल्या शेतकरी, कोळी, आगरी घरांतून तो संपला नाही. त्यांनी तो पाद्र्यावाचून सांभाळला. गावच्या वेशीवर किंवा अंगणात क्रूस, संध्याकाळी त्याच्याभोवती जमून म्हटलेली लदीन, म्हणजे मरियेची लितानी, आणि लग्नात उंबराचे पाणी आणायची मिरवणूक. भाषा मराठीच, फक्त बोली आपली. हीच माणसे पुढे १८८७ साली ईस्ट इंडियन हे नाव घेऊन संघटित झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची श्रद्धा पोथीत नसते. ती सवयीत, गाण्यात आणि पंगतीत असते. म्हणूनच ती सहजी जाळता येत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीत हा रोग प्लेगच आहे असे प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी. ते गोव्याचे, ख्रिस्ती. माणसे शहर सोडून पळत होती तेव्हा हा डॉक्टर आजाऱ्यांच्या खोल्यांतून हिंडत होता. त्या साथीच्या वर्षांत मुंबईच्या आणि साष्टीच्या ख्रिस्ती गावठाणांतून ठिकठिकाणी नवे क्रूस उभे राहिले. वांद्र्याकडे गेलात तर त्यांतले काही आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. त्या क्रुसांनी प्लेग थांबला असे आम्ही म्हणणार नाही. प्लेग उंदीर आणि पिसवा यांच्यामुळे पसरतो हे आता शाळेतले पोरही सांगेल. पण साथीत माणसे एकमेकांना टाळतात, आणि क्रुसाच्या पायाशी ती पुन्हा एकत्र येत होती. भीतीने फुटलेला गाव तेथे सांधला जात होता, हे काही थोडके काम नव्हे.

श्रद्धेचे दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. जन्म १८५८. दुष्काळात आईबाप गेले, बहीण गेली. भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या, पुढे १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य. पदरी मनोरमा, वर्षाचीही झालेली नव्हती. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून मान खाली घालून बसल्या नाहीत. ज्या भगिनींच्या आश्रमात राहिल्या त्यांच्याशीच त्यांनी धर्ममतांवर पत्रांतून वाद घातला. माझ्या सद्‌सद्विवेकावर कोणाचा ताबा चालणार नाही ही त्यांची भूमिका होती. ही श्रद्धा डोळस होती.

१८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. सनातन्यांनी झोडपले, सुधारकांनी हात आखडले. एवढे झाल्यावर कोणीही म्हणाले असते की या समाजाचे मला काही देणे नाही. पण १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता आणि तो बायकाच चालवीत. क्षमेवर रमाबाईंनी प्रवचन दिले की नाही यापेक्षा त्यांनी काय केले ते आम्हांला मोलाचे वाटते. ज्या समाजाने टाकले, त्याच समाजाच्या टाकलेल्या लेकी त्यांनी पोटाशी धरल्या. आणि तरीही तोंड बंद ठेवले नाही. १८९७ च्या प्लेगात सरकारी इस्पितळात स्त्रियांची जी दैना होत होती, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले. सरकार ख्रिस्ती होते म्हणून त्याला सोडले नाही. क्षमाशील माणूस मवाळच असतो, हा समज येथे खोटा ठरतो.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. जिच्या हाती संस्था सोपवायची तीच गेली. पुढे नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. पण तोवर भाषांतर पुरे झाले होते. लेक गेल्यावरही त्या रोजच्या कामाला बसत राहिल्या. श्रद्धा कशाला म्हणतात ते त्या बसण्यात दिसते.

आनंदाचे उदाहरण हवे तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या, लिहिणे-वाचणे जेमतेम येणाऱ्या बायकोला नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. सुमारे पाच वर्षे ताटातूट. त्यानंतर त्या नवऱ्याकडे राहायला आल्या, पण धर्म आपलाच ठेवला. सोवळे-ओवळे आधी आपल्या मनातून गळाले, मग १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढले म्हणून नव्हे, स्वतःला पटले म्हणून. घरात दारिद्र्य कायमचे, कारण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. आणि त्यातही पोरक्या मुलांना घरात थारा.

या सगळ्याची हकिगत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी. टिळकांचा रागीटपणा, विक्षिप्तपणा, आपल्यावर झालेला अन्याय, काही म्हणजे काही लपवलेले नाही. पण पानापानांवर हसू येते. आपण हसतो आणि हसता हसता डोळे भरतात. आमच्या मते क्षमेचे हे सर्वांत अस्सल रूप आहे. जे झाले ते झालेच नाही असे ही बाई म्हणत नाही. सगळे सांगते, पण सांगताना तिच्या शब्दांत विष नाही. विष गेले म्हणजे क्षमा झाली. आठवण जायची गरज नाही. टिळकांनीही आनंदाला मराठी चाल दिली. परक्या सुरावटीऐवजी अभंग, भजन आणि कीर्तन यांतून ख्रिस्त गायला. आपल्या भाषेत रडता आणि गाता आले तरच श्रद्धा घरची होते, हे त्या माणसाने ओळखले होते. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. ज्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला होता, त्याचेच काव्य त्यांच्या हातून पूर्ण झाले.

आता क्षमेचा सर्वांत कठीण प्रकार. खुनाची क्षमा. सिस्टर राणी मारिया या मूळ केरळच्या. मध्य प्रदेशात इंदूरजवळ उदयनगर भागात भूमिहीन मजुरांना सावकारीतून सोडवण्याचे काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारले. त्याला जन्मठेप झाली. पुढे राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. त्याच्या सुटकेच्या अर्जाला या कुटुंबाने पाठिंबा दिला. २००६ साली तो सुटला. केरळात जाऊन तो त्यांच्या आईवडिलांच्या पाया पडला. २०१७ साली इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केले तेव्हा तो तेथे हजर होता. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की खटला चालला, शिक्षा झाली, खून हा खूनच ठरला. कायद्याचे काम कायद्याने केले, क्षमेचे काम क्षमेने केले. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही.

क्षमा ही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी आहे असे कोणी समजू नये. जैन बंधू दर संवत्सरीला एकमेकांची क्षमा मागतात. पैठणच्या नाथांवर एकजण गोदास्नानानंतर पुनःपुन्हा थुंकला आणि ते शांतपणे पुनःपुन्हा स्नानाला गेले, ही कथा घराघरांत सांगतात. ज्ञानेश्वरांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, दुष्टपणा जावा असे मागितले. विहिरी निराळ्या, पाणी एकच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. त्या वेळी आम्ही शाळकरी पोर होतो. चाळीत जे पाहिले ते विसरता येत नाही. मालकाविरुद्धचा राग एका जागी होता, पण त्याहून कडू राग शेजाऱ्याविरुद्ध होता. जो आधी कामावर गेला तो फितूर. त्याच्या बायकोला नळावर कोणी बोलेना, त्याच्या पोरीच्या लग्नाला कोणी जाईना. आणि तो तरी का गेला? घरात आजारी आई होती, दुकानदाराने उधारी बंद केली होती. जे गेले नाहीत त्यांचेही बरोबर होते. त्यांनी दागिने विकले, पोरांच्या शाळा सोडवल्या, गावाकडे परतले. दोन्हीकडे जखम खरी होती.

ती जखम कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणाने भरली नाही. एक मयत झाली आणि खांदा द्यायला माणसे कमी पडली, तेव्हा ‘फितूर’ पुढे आला. मग दुसऱ्या घरी आजारपण आले, तेव्हा त्याच्या बायकोने डबा पाठवला. नाताळात आमच्या घरच्या करंज्या त्यांच्याकडे गेल्या, दिवाळीत त्यांच्या चकल्या आमच्याकडे आल्या. “मी चुकलो” असे कोणी म्हटले नाही. चाळीत क्षमा मागायची आणि द्यायची पद्धत हीच आहे. आम्ही पुढे संघटनेच्या कामात एवढे शिकलो की मालकाशी शेवटपर्यंत भांडावे, पण आपसातले वैर मालकाच्या हवाली करू नये. कामगार कामगाराला क्षमा करीत नाही तोवर त्याची एकजूट होत नाही, आणि एकजूट होत नाही तोवर न्याय मिळत नाही. म्हणजे क्षमा न्यायाच्या आड येत नाही. पुष्कळदा तीच न्यायाची वाट मोकळी करते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी फुगली आणि कुर्ल्याच्या वस्त्या गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या. जिथे वरचा मजला होता तिथे माणसे चढली; कोणी कोणाचा धर्म विचारला नाही. पाणी ओसरल्यावर चिखल उपसता उपसता पोरे गाणी म्हणत होती. ज्यांचे सगळे वाहून गेले त्यांच्या तोंडी गाणे कसे, असे कोणाला वाटेल. पौलाच्या पत्रातला आनंद याच जातीचा.

तर या तीन गोष्टी टिकवायच्या कशा? आम्हांला उमगलेले उत्तर साधे आहे. श्रद्धा टिकते ती सवयीने. कासरा हातात राहिला की वाट चुकत नाही. म्हणून प्रार्थना मन लागो न लागो, वेळेवर करावी, आणि तीत तक्रार करायला भिऊ नये. आनंद टिकतो तो संगतीने. एकट्याच्या घरात तो वाळतो, पंगतीत वाढतो. दुःखाच्या घरी जेवण घेऊन जाणे हे मोठे भजन आहे. आणि क्षमा टिकते ती रोज थोडी थोडी केल्याने. एकदा क्षमा केली की राग कायमचा जातो, असे नाही. तो उद्या पुन्हा येतो. सातच्या सत्तरपट हा आकडा दुसऱ्याच्या अपराधांचा असेल, पण आम्हांला तो एकाच अपराधासाठी आपल्या मनाला पुनःपुन्हा घालाव्या लागणाऱ्या समजुतीचाही वाटतो. मात्र जो मार खात आहे त्याला मार खातानाच क्षमेचा उपदेश करू नये. आधी मारणाऱ्याचा हात धरावा, मग क्षमेची गोष्ट बोलावी.

श्रोतेहो, बरे दिवस सर्वांनाच येतात असे नाही, पण पडता काळ कोणाला चुकत नाही. त्या काळात हक्कासाठी लढायला हात मोकळे हवेत आणि शेजाऱ्याला धरायलाही हात मोकळे हवेत. मुठीत वैर धरलेले असले तर दोन्ही कामे होत नाहीत. ती मूठ उघडणे यालाच ख्रिस्ती लोक क्षमा म्हणतात.